स्पर्धेआधीच्या धडधडीचं काय करायचं? खेळाडू, प्रशिक्षक आणि पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सरावात फळीवर अचूक पाय पडणारी मुलगी जिल्हा स्पर्धेत सलग तीन उड्या फाउल करते. रोज संध्याकाळी हसतखेळत चढाई करणारा पोरगा विभागीय सामन्यात मध्यरेषेपलीकडे जायला कचरतो. हिरावाडीचं विभागीय क्रीडा संकुल असो की भोसलाचं मैदान, ज्यांनी नाशिकमध्ये एकदा तरी शालेय स्पर्धांचा मोसम पाहिला आहे, त्यांना हे नवीन नाही. अशा वेळी कडेला उभे असलेले सगळेजण एकच वाक्य सांगतात: “टेन्शन घेऊ नकोस.” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या वाक्याने आजवर कुणाचं टेन्शन गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

खेळाडूंच्या चिंतेवर पन्नासएक वर्षं शिस्तीत संशोधन झालं आहे. त्यातलं बरंच मैदानावर थेट वापरता येतं, पण आपल्याकडे ते प्रशिक्षकांपर्यंत फारसं पोचत नाही. माझ्या मते त्याचं सार असं: धडधड पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नये. ती कुठल्या जातीची आहे ते ओळखावं, आपल्याला ती किती चालते ते शोधावं आणि दडपणाची ओळख स्पर्धेआधी, सरावातच करून घ्यावी. हे सगळं कसं करायचं, ते क्रमाने पाहू.

सुरुवातीला: शरीराची धडधड वेगळी, मनाची काळजी वेगळी

१९९० साली रेनर मार्टेन्स आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी स्पर्धेआधी खेळाडूंना द्यायची २७ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती तीन गोष्टी स्वतंत्रपणे मोजते. पहिली शरीराची: छातीत धडधड, पोटात गोळा, हातापायांना कंप, घशाला कोरड, सारखं लघवीला जावंसं वाटणं. दुसरी मनाची: ‘हरलो तर?’, ‘सर काय म्हणतील?’, ‘मागच्या वेळेसारखं झालं तर?’ तिसरी आत्मविश्वास. बोलताना आपण या तिन्ही गोष्टींना ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच उपाय चुकतो.

या दोन प्रकारच्या चिंतांचं वेळापत्रकही वेगळं असतं. मनाची काळजी स्पर्धेच्या कितीतरी दिवस आधी सुरू होते आणि मुक्कामच ठोकते. शरीराची धडधड शेवटच्या तासाभरात झपाट्याने चढते आणि खेळ सुरू झाला की बहुतेक वेळा आपोआप उतरते. म्हणून ‘कालपर्यंत ठीक होती, आज सकाळीच हात गार पडले’ असं झालं तर घाबरू नका. आठवडाभर झोप नसेल, जेवणावरून मन उडालं असेल, तर मात्र प्रश्न काळजीचा आहे.

टिम वुडमन आणि लू हार्डी यांनी २००३ मध्ये ४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. काळजी आणि कामगिरी यांचा संबंध उलटा निघाला, पण सरासरीने अगदी हलका, उणे ०.१० इतकाच (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). आत्मविश्वास आणि कामगिरीचा संबंध ०.२४ म्हणजे त्याहून ठळक निघाला. मी यातून दोन अर्थ काढतो. एक, चिंता आहे म्हणजे खेळ बिघडणारच असं नाही. दुसरा प्रशिक्षकांच्या कामाचा आहे: भीती कमी करण्यावर जेवढा वेळ जातो, त्याहून जास्त वेळ आत्मविश्वास बांधण्यावर जायला हवा.

लू हार्डी यांचंच आणखी एक निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. काळजी कमी असताना शरीर कितीही तापलेलं असलं तरी खेळ हळूहळूच वरखाली होतो. काळजी जास्त आणि त्यात शरीरही मर्यादेबाहेर तापलं, तर मात्र खेळ एकदम कोसळतो. एकदा कोसळला की थोडं शांत होऊन भागत नाही, बरंच खाली यावं लागतं. टेबल टेनिसमध्ये ९–६ने पुढे असलेली मुलगी चार गुण सलग घालवते, तेव्हा टाइमआउटमध्ये तिला डावपेच सांगून उपयोग नसतो. आधी पाणी, चार लांब श्वास, खांदे सैल, आणि मग एखादंच वाक्य.

पहिली पायरी: एक वही घाला

आपल्याकडे असा समज आहे की चांगला खेळाडू शांतच असतो. युरी हानिन या संशोधकाने आधी सोव्हिएत संघात आणि पुढे फिनलंडमध्ये खेळाडूंचा अभ्यास करून दाखवलं की प्रत्येकाची ‘चालणारी’ पातळी वेगळी असते. कुणी बऱ्यापैकी घाबरलेलं असतानाच सर्वोत्तम खेळतं. अशा मुलाला जबरदस्तीने शांत केलं तर तो झोपाळल्यासारखा धावतो.

तुमची पातळी शोधायला महागडं यंत्र लागत नाही. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक स्पर्धेआधी साधारण अर्धा तास असताना तीन आकडे लिहा, ० ते १० मध्ये: शरीराची धडधड किती, मनाची काळजी किती, आपल्यावर भरवसा किती. स्पर्धा संपल्यावर त्याच ओळीत कामगिरी लिहा. फक्त क्रमांक लिहू नका. वेळ, अंतर, किती चढाया यशस्वी झाल्या, आणि स्वतःला खेळ कसा वाटला हे लिहा. क्रमांक समोर कोण आहे त्यावरही ठरतो, म्हणून तो एकटा फसवतो. सात-आठ स्पर्धांनंतर पानं समोरासमोर ठेवून पाहिलीत की आकृती दिसू लागते: ‘धडधड ६ असताना मी चांगली धावते, ३ असताना अंग जड होतं, ९ झाली की सुरुवातीलाच दम काढून बसते.’

यात नाशिकची एक अडचण आहे. स्पर्धांचा मोसम पावसाळ्यात सुरू होऊन ऐन थंडीपर्यंत चालतो आणि डिसेंबरच्या पहाटे इथे हात तसेही गार पडलेले असतात. त्यामुळे सरावाच्या दिवशीचेही आकडे अधूनमधून लिहा. तुलना करायला काहीतरी हवं, नाहीतर थंडीलाच भीती समजून बसाल.

खेळानुसारही फरक पडतो. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं ती शर्यत १० हजार मीटरची, म्हणजे ट्रॅकच्या २५ फेऱ्या. इतक्या लांब शर्यतीत शरीराची धडधड सुरुवातीच्या फेऱ्यांत निवते, पण मनातल्या काळजीला डोकं वर काढायला भरपूर वेळ मिळतो. १०० मीटरमध्ये नेमकं उलटं. तिथे सगळा प्रश्न ‘सेट’ आणि बंदुकीचा आवाज यांच्यामधल्या क्षणाचा असतो. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला खेळाडू बाद होतो, त्यामुळे तर तो क्षण आणखीच जड झाला आहे. नेमबाज आणि तिरंदाजांना हाताचा किंचित कंपही परवडत नाही. गोळाफेकीत तीच उत्तेजना कामाला येते. एकाच तालमीत सगळ्यांना एकच ‘शांत राहा’ हा सल्ला म्हणूनच चालत नाही.

दुसरी पायरी: धडधड जास्त असेल तर श्वास

चार अंक मोजत नाकाने श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडण्याचा वेळ लांबला की हृदयाची गती थोडी उतरते, आणि हे कुणाच्याही शरीरात होतं. कबड्डीपटूंना एका दमात चढाई करायची सवय असते, त्यांना हे लवकर जमतं.

मात्र स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा करून पाहिलं तर फारसा उपयोग होणार नाही. रोज दहा मिनिटं, निदान महिनाभर, आधी घरी बसून, मग उभं राहून, मग धावून आल्यावर लगेच. त्यानंतर हे कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना बसवतात त्या खोलीत, दोन मिनिटांत साधतं. ज्यांचे खांदे आणि जबडा आवळला जातो त्यांनी सोबत स्नायू ताणून सोडण्याचा व्यायाम करावा: मूठ पाच-सात सेकंद घट्ट, मग पूर्ण सैल, तसंच खांदे, पोट, मांड्या. वहीत तुमची चांगली पातळी ६ असेल तर ६ वर थांबा. धावपटूंनी श्वासानंतर दोन-तीन छोट्या दौडी मारून अंग पुन्हा जागं करावं.

तिसरी पायरी: काळजी जास्त असेल तर डोक्याला काम द्या

काळजीवर श्वास अर्धाच उपाय आहे. मन रिकामं राहत नाही, त्याला धरायला काहीतरी द्यावं लागतं.

पहिलं काम ध्येयाचं. ‘राज्य स्पर्धेला जायचंय’ हे ध्येय मोसमभराच्या मेहनतीसाठी ठीक आहे. शर्यतीच्या रेषेवर ते ओझं होतं, कारण ते दुसऱ्यांच्या पायांवरही अवलंबून असतं. त्या दिवसाचं ध्येय आपल्या हातातलं हवं: ‘पहिल्या दोन फेऱ्या ठरलेल्या वेळेतच’, ‘प्रत्येक चढाईत आधी कोपरारक्षक कुठे आहे ते पाहणार’. डाव सुरुवातीला बिघडला तरी असं ध्येय मोडत नाही. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ मध्ये आयल ऑफ मॅनला ग्रँड स्विस ही बुद्धिबळ स्पर्धा जिंकली, तेव्हा पहिल्याच फेरीत तो हरला होता. पुढच्या दहा फेऱ्या शिल्लक होत्या आणि त्याने अकरापैकी साडेआठ गुण केले. पहिल्या फेरीत हरून हिरमुसलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

दुसरं काम अर्थ लावण्याचं. ग्रॅहम जोन्स या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं की धडधड तेवढीच असली तरी काही खेळाडू तिला ‘मी तयार आहे’ असं वाचतात, काही ‘आता संपलं’ असं. २०१४ मध्ये ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या प्रयोगांत लोकांना गाणं, भाषण आणि गणित अशी घाबरवणारी कामं दिली होती. ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. हे प्रयोग मैदानावरचे नव्हते हे खरं, पण त्यातला तर्क मला पटतो. वेगाने धडधडणाऱ्या शरीराला शांततेकडे ओढणं अवघड असतं, हुरुपाकडे वळवणं त्या मानाने सोपं. ‘घाबरलेय’ ऐवजी ‘अंग तयार झालंय’ असं मोठ्याने म्हणून पाहा.

तिसरी गोष्ट प्रशिक्षकांसाठी. १९९२ साली रिच मास्टर्स यांनी नवख्या लोकांना गोल्फमधला छोटा फटका शिकवला. एका गटाला तंत्राच्या सविस्तर सूचना दिल्या, दुसऱ्याला सूचना न देता आणि लक्ष दुसरीकडे गुंतवून शिकू दिलं. दडपण आणल्यावर सूचना घोकलेला गट अडखळला, दुसरा सुधारत राहिला. दडपणाखाली माणूस अंगवळणी पडलेली हालचाल तुकड्या-तुकड्याने तपासू लागतो आणि ती विस्कटते. जिन्यावरून उतरताना पाय कसा टाकतो याचा विचार करू लागलात की अडखळता, तसंच. तेव्हा सर, रेषेवर उभ्या असलेल्या मुलाला ‘कोपर वर, गुडघा आत, टाच उचल’ असं सांगू नका. सरावात एक शब्द ठरवा, ‘उंच’, ‘सैल’, ‘झेप’, आणि स्पर्धेत तेवढाच उच्चारा.

चौथी पायरी: दडपण सरावात आणा

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची आणि आपल्याकडे सगळ्यात कमी केली जाणारी गोष्ट हीच.

राउल ओउडेयान्स आणि रॉब पायपर्स या नेदरलँड्सच्या संशोधकांनी डार्ट फेकणाऱ्यांवर एक छान प्रयोग केला. गिर्यारोहणाच्या सरावाच्या भिंतीवर काहींना जमिनीलगत, तर काहींना उंचावर लटकून सराव करायला लावला. उंचीमुळे थोडी भीती वाटायचीच. पुढे चाचणीत भीती वाढवली तेव्हा जमिनीलगत सराव केलेल्यांचा नेम घसरला. थोड्या भीतीत सराव केलेल्यांचा टिकला. सरावातली भीती सौम्य होती आणि चाचणीतली तिच्याहून जास्त, तरीही फायदा झाला. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेएवढं दडपण गल्लीत उभं करायची गरज नाही, त्याचा थोडा अंशही पुरतो.

आपला सराव कसा असतो ते पाहा. सकाळी सहाला तीच मित्रमंडळी, तीच धावपट्टी, चुकलं तर ‘परत घे’. स्पर्धेत यातलं काहीच नसतं. ते हळूहळू बदलायचं.

आठवड्यातून एक दिवस ‘एकच संधी’चा ठेवा. अंग गरम केल्यावर लांब उडीची एकच उडी, गोळ्याची एकच फेक, खो-खोत एकच पाठलाग. लिहून ठेवायची, परत मिळणार नाही. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, महिन्याभरात सरावतात. त्या दिवशी छातीवर क्रमांक लावा, स्पर्धेचाच पोशाख घाला, आणि ओळखीच्या नसलेल्या दुसऱ्या एखाद्या सरांना झेंडा व शिट्टी घेऊन पंच म्हणून बोलवा. अनोळखी नजर जे करते ते आपल्या सरांच्या ओरडण्याने होत नाही.

कॉल रूमचीही तालीम हवी. नाव पुकारल्यावर वीस मिनिटं नुसतं बसायचं, मोबाइल नाही, शेजारी प्रतिस्पर्धी, आणि मग थेट रेषेवर. कित्येक मुलांची शर्यत त्या बाकावरच संपते, कारण तिथे काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

सांघिक खेळात शेवटच्या दोन मिनिटांपासून सराव सुरू करा: आपण तीन गुणांनी मागे, समोर पाच बचावपटू, चढाई तुझी. मैदानही बदला. पेठ-सुरगाण्याच्या मुलांना मोसमाआधी एकदा तरी शहरातल्या संकुलात आणून सिंथेटिक ट्रॅकवर पळवा. स्पर्धेच्या दिवशी ट्रॅकचा रंग पाहूनच दबकलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांची काहीच चूक नव्हती. रस्त्यावर धावणाऱ्यांना जानेवारीतली नाशिकची मविप्र (मराठा विद्या प्रसारक) मॅरेथॉन सरावाची स्पर्धा म्हणून वापरता येते, गर्दी आणि गोंगाट तिथे आयता मिळतो. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्यांनीही महिन्यातून एकदा घड्याळ, अनोळखी माणसं आणि एकच संधी अशी चाचणी घ्यावी. त्यांच्यावरचं दडपण खेळाडूंपेक्षा तसूभरही कमी नसतं.

इथे एक इशारा. अपमान करणं, शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणं, सगळ्यांसमोर नावं ठेवणं म्हणजे दडपणाचा सराव नव्हे. त्याने मूल मैदानच टाळू लागतं. दडपण पायरीपायरीने वाढवायचं, मुलाला आधी सांगून वाढवायचं, आणि नंतर दोन मिनिटं बसून ‘काय वाटलं, काय केलंस’ हे विचारायचं.

पाचवी पायरी: सुरू करण्याआधीचा ठराविक क्रम

फ्री थ्रो, सर्व्हिस, पेनल्टी, उडी, फेक: जिथे खेळाडू स्वतः सुरुवात करतो तिथे दहा-पंधरा सेकंदांचा एक क्रम बसवा. चेंडू दोनदा आपटणं, एक लांब श्वास, नजर एका जागी, ठरलेला शब्द, आणि सुरुवात. जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर केलेल्या अभ्यासात निपुण खेळाडूंची नजर फेकीआधी रिंगवर अधिक काळ स्थिर राहिलेली आढळली. फुटबॉलमध्ये गाइर योर्देत यांना दिसलं की शिट्टी वाजताच घाईने पेनल्टी मारणारे जास्त चुकतात. दडपणात माणूस प्रसंग लवकर उरकायला बघतो. ठरलेला क्रम त्याला तेवढा वेळ थांबवून धरतो.

स्पर्धेच्या दिवशी

नवं काही करू नका. नवे बूट नकोत, नवा नाश्ता नको, यूट्यूबवर पाहिलेला नवा व्यायामही नको. लांबून एसटीने येणाऱ्यांनी शक्य असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला यावं. पिशवी रात्रीच भरावी: ओळखपत्र, प्रवेशिका, क्रमांकाच्या पिना, पाणी, केळी. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक सरकतं हे गृहीत धरा. अंग गरम करायचा छोटा आणि मोठा असे दोन क्रम तयार ठेवा, म्हणजे दोन तास उशीर झाला तरी मन सैरभैर होत नाही.

पालक आणि प्रशिक्षक

आपल्याकडे दडपणाची मुळं पुष्कळदा मैदानाबाहेर असतात. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरासाठी या फार मोठ्या गोष्टी आहेत आणि त्या मनात येणं चूक नाही. पण स्पर्धेच्या आठवड्यात जेवताना त्यांचा हिशोब काढू नका. मुलाला तो तोंडपाठ असतो.

रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी अमेरिकेत मुलांच्या प्रशिक्षकांना एक साधं वळण लावलं: प्रयत्नाचं लगेच कौतुक, चुकीनंतर धीर आणि नेमकी सूचना, शिक्षा नाही, तुलना नाही. त्या प्रशिक्षकांच्या संघांतल्या मुलांची चिंता मोसमभरात कमी झाली, इतर संघांत तसं झालं नाही. त्यासाठी खर्च काहीच लागत नाही.

“आई, पोटात कसंतरी होतंय गं” असं मुलगी म्हणाली तर “काही होत नाही, उगाच मनाचे खेळ” म्हणू नका. “होतं बाळा, अंग तयार होतंय. चल, चार श्वास घेऊ” एवढं पुरे. हरून परतताना गाडीवर विश्लेषण नको. भूक लागली का ते विचारा. वही दुसऱ्या दिवशी उघडता येते.

कधी तज्ज्ञाकडे जावं

धडधड स्पर्धेपुरती असेल तर वरच्या पायऱ्या पुरतात. पण दोन-तीन आठवडे झोप येत नाही, वजन उतरतंय, सरावाला जायचं म्हटलं की रडू येतं, श्वास कोंडून मरतो की काय असं वाटण्याचे झटके येतात, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं ऐकू येतं, तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मित्राच्या सांगण्यावरून धडधड थांबवणारी गोळी घेऊ नका. बीटा ब्लॉकर गटातली औषधं तिरंदाजी आणि नेमबाजीसह काही खेळांत उत्तेजक-विरोधी नियमांनुसार बंदी असलेली आहेत, आणि दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकतात. डॉक्टर कुठलंही औषध लिहून देत असतील तर आपण कोणता खेळ, कोणत्या पातळीवर खेळतो हे त्यांना आधी सांगा आणि चिठ्ठी जपून ठेवा.